वेग तिघांच्या संमतीने

डीडीआर-४०० सीएल२, डीडीआर२-८०० सीएल४, डीडीआर३-१६०० सीएल८, डीडीआर४-३२०० सीएल१६, डीडीआर५-६००० सीएल३०. डेस्कटॉपच्या मेमरीच्या पाच पिढ्या आणि प्रत्येक पिढीतली एक चांगली, आपल्या काळात मान मिळवलेली स्टिक. पहिलीपासून शेवटचीपर्यंत खोक्यावरचा आकडा ४०० वरून ६००० वर गेला, म्हणजे पंधरा पट झाला. आता एक छोटा हिशेब करून पाहावा. सीएलच्या आकड्याला २००० ने गुणायचे आणि खोक्यावरच्या वेगाने भागायचे. जे उत्तर येते ते नॅनोसेकंद. उघड्या रांगेतला डेटा मागितल्यापासून त्याचा पहिला भाग बाहेर यायला लागणारा वेळ तो. पाचही स्टिकचे उत्तर एकच येते: १०.

या पुस्तकातला सगळा विचार या दहा नॅनोसेकंदांपासून सुरू होतो. मेमरीच्या वेगात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकदा प्रवाह सुरू झाल्यावर सेकंदाला किती डेटा वाहतो ही एक. आणि मागणी केल्यावर तो प्रवाह सुरू व्हायला किती वाट पाहावी लागते ही दुसरी. पहिल्या बाबतीत तंत्रज्ञानाने अफाट मजल मारली, दुसऱ्या बाबतीत ते जवळपास जागच्या जागी आहे. खोक्यावर ठळक छापले जाते ते फक्त पहिलीबद्दल. आणि तेही आश्वासन असते. स्टिक त्या वेगाने चालू शकते एवढेच खोके सांगते. ती तुमच्या टेबलाखालच्या यंत्रात प्रत्यक्ष किती वेगाने चालेल, हे प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर, मदरबोर्ड आणि स्टिक हे तिघे मिळून ठरवतात. त्यांच्यातली ही संमती कशी घडते, कुठे मोडते आणि ती खरी आहे की वरवरची हे कसे ओळखायचे, हा या पुस्तकाचा विषय.

वाट पाहण्याचा वेळ कमी का झाला नाही, हे समजायला मेमरीच्या पेशीत डोकवावे लागते. आयबीएममध्ये काम करणाऱ्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये एका रचनेचे पेटंट मिळाले: एक ट्रान्झिस्टर, एक कपॅसिटर, आणि त्या कपॅसिटरमधल्या विद्युतभारात एक बिट. १९७० मध्ये इंटेलची ११०३ ही १०२४ बिटांची चिप आली आणि चुंबकी कड्यांच्या मेमरीचे दिवस भरले. आजच्या डीडीआर५ चिपमध्येही गाभ्याला डेनार्ड यांचीच पेशी आहे. तिचे गुण तेच, अडचणीही त्याच. कपॅसिटर गळका असतो. डीडीआर४ मध्ये साधारण तापमानाला प्रत्येक रांग ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावी, म्हणजे रिफ्रेश करावी लागते. शिवाय वाचले की भार पुसला जातो, म्हणून वाचलेले परत लिहावे लागते. एक बिट हवा असला तरी आधी त्याची अख्खी रांग उघडायची, पेशींतला नगण्य भार लांब तारांवरून सेन्स ॲम्प्लिफायरपर्यंत आणायचा, तो शून्य आहे की एक हे ठरेपर्यंत थांबायचे, मग त्या रांगेतला स्तंभ निवडायचा आणि काम झाले की रांग बंद करायची. स्टिकच्या लेबलवर १६-१८-१८-३६ अशी जी आकड्यांची माळ असते, ती याच पायऱ्यांसाठी लागणाऱ्या क्लॉकच्या ठोक्यांची यादी आहे.

उत्पादकांनी पेशी लहान केल्या आणि एका चिपमध्ये अधिकाधिक कोंबल्या. बाजाराला तेच हवे होते, कारण पैसा क्षमतेला मिळतो. भार ओळखायला लागणारा वेळ त्याने फारसा घटत नाही. म्हणून अभियंत्यांनी दुसरी वाट धरली: रांग एकदा उघडलीच आहे, तर तिच्यातून एका दमात जास्त बिट उचलून घ्यायचे आणि बाहेरच्या तारांवरून वेगाने पाठवायचे. डीडीआरमध्ये एका वेळी २, डीडीआर२ मध्ये ४, डीडीआर३ मध्ये ८, डीडीआर५ मध्ये १६. खोक्यावरचा आकडा वाढतो तो या उपायाने. पेशी आपल्या चालीनेच चालते.

प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातली ही दरी पुढे मोठी डोकेदुखी होणार, असे विल्यम वुल्फ आणि सॅली मॅकी यांनी १९९५ मध्ये एका छोट्या लेखात मांडले होते. आज पाच गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा एक ठोका ०.२ नॅनोसेकंदाचा असतो. मेमरीपर्यंतचा पूर्ण फेरा, म्हणजे कॅशमध्ये शोध घेऊन, कंट्रोलरमधून जाऊन, स्टिकवरून परत येईपर्यंत, चांगल्या डेस्कटॉपवरही साठ-सत्तर नॅनोसेकंद घेतो. तेवढ्यात प्रोसेसरचे तीनशेहून अधिक ठोके निघून जातात. कॅशचे सगळे मजले, पुढे लागणारा डेटा आधीच ओढून ठेवण्याची सगळी तंत्रे, ही या रिकाम्या ठोक्यांची भरपाई आहे.

नव्वदच्या दशकातल्या फास्ट पेज आणि ईडीओ मेमरीला सिस्टिमच्या क्लॉकशी जुळवून घेण्याची सक्ती नव्हती. एसडीरॅमने ती आणली. तिचे मानक जेडेक या संस्थेने १९९३ मध्ये मंजूर केले आणि १९९८ च्या सुमारास इंटेलच्या पीसी१०० मुळे ती घरोघरच्या यंत्रांत पोचली. त्यानंतर जे घडले ते या क्षेत्रातले सर्वांत बोधप्रद प्रकरण आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो.

इंटेलने पुढची दिशा म्हणून रॅम्बस कंपनीच्या आरडीरॅमची निवड केली. अरुंद वाट, पण प्रचंड क्लॉक, असे तिचे तत्त्व. १९९९ मध्ये आय८२० चिपसेट आला, नोव्हेंबर २००० मध्ये पेंटियम ४ सोबत आय८५०. कागदावर आकडे देखणे होते. पण स्टिक महाग होत्या, तापत होत्या, आय८५० वर जोडीनेच लावाव्या लागत होत्या आणि मोकळ्या स्लॉटमध्येही सर्किट पूर्ण करणारी कोरी पट्टी बसवावी लागत होती. पहिला डेटा हाती यायला लागणारा वेळही सुखावह नव्हता. आय८२० ला स्वस्त एसडीरॅम लावता यावी म्हणून मध्ये घातलेल्या दुभाषी चिपमध्ये दोष निघाला आणि २००० साली इंटेलला ते बोर्ड परत घ्यावे लागले. याच काळात एएमडी, तैवानचे चिपसेट उत्पादक आणि बहुतेक मेमरी उत्पादक डीडीआरमागे उभे राहिले. क्लॉकच्या चढत्या आणि उतरत्या अशा दोन्ही कडांवर डेटा पाठवायचा, एवढाच तिचा साधा बदल होता, आणि जुन्या कारखान्यांत ती बनत होती. दोन-तीन वर्षांत इंटेलही डीडीआरकडे वळले. एका आकड्याच्या जोरावर मेमरी जिंकत नाही, हे तेव्हा कोट्यवधी डॉलर खर्चून सिद्ध झाले. ग्राहक मात्र अजूनही तोच एक आकडा पाहून स्टिक उचलतो.

दुसरे वळण शांतपणे आले, पण परिणाम जास्त खोल झाला. पूर्वी मेमरी कंट्रोलर मदरबोर्डवरच्या चिपसेटमध्ये असायचा. २००३ मध्ये एएमडीने ऑप्टेरॉन आणि ॲथलॉन ६४ मध्ये तो प्रोसेसरच्या पोटात नेला. इंटेलने २००८ मध्ये नेहालेमच्या वेळी तेच केले. त्याने वाट पाहण्याचा वेळ घटला. त्याचबरोबर मेमरी किती वेगाने चालेल हा प्रश्न प्रोसेसरचा झाला. एकाच मॉडेलच्या दोन प्रोसेसरांपैकी एकाचा कंट्रोलर जास्त वेग पेलतो, दुसऱ्याचा पेलत नाही, आणि खोक्यावर त्याचा मागमूस नसतो.

आता नवख्या माणसाला सर्वांत आधी कळायला हवी अशी गोष्ट. ३६०० ची डीडीआर४ जोडी आणून बसवली आणि यंत्र सुरू केले, तर ती बहुतेक वेळा ३६०० वर चालत नाही. प्रत्येक स्टिकवर एक छोटी चिप असते, तिच्यात स्टिकची कुंडली असते. बोर्ड सुरू होताना त्यातला जेडेकने मान्य केलेला सुरक्षित वेग निवडतो: २१३३, २४००, २६६६ असा काहीतरी. जाहिरातीतला वेग वेगळ्या प्रोफाइलमध्ये नोंदलेला असतो आणि बायोसमध्ये जाऊन ते प्रोफाइल आपल्या हाताने चालू करावे लागते. इंटेलचे एक्सएमपी २००७ पासून आहे, एएमडीचे एक्स्पो २०२२ मध्ये आले. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी यंत्रे आयुष्यभर विकत घेतलेल्या वेगाच्या खाली चालतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पीसी असेंबल करून आणणाऱ्याने घरी पोचल्यावर टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग पाहावा. सीपीयू-झेड पाहत असाल तर तिथे क्लॉक दिसतो, म्हणजे खोक्यावरच्या आकड्याचा निम्मा. १८०० दिसले की घाबरायचे कारण नाही.

तिसऱ्या भिडूची, म्हणजे मदरबोर्डचीही मर्जी सांभाळावी लागते. इंटेलच्या स्वस्त चिपसेटांवर प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेपलीकडे मेमरी नेता येत नाही. बी-मालिकेत ही बंदी २०२१ मध्ये बी५६० पासून उठली. डीडीआर४ चा एच६१० बोर्ड मात्र ३२०० वरच थांबतो. त्यावर ३६०० साठी जादा पैसे मोजणे म्हणजे पैसे वाया घालवणे, आणि दुकानदाराने हे सांगायला हवे. स्लॉटचेही तेच. बहुतेक चार स्लॉटच्या बोर्डांवर दोन स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या असतात. शेजारी-शेजारी बसवल्या तर दोन्ही एकाच चॅनलवर जातात आणि प्रवाह निम्मा होतो. रायझन ५ ५६००जी सारख्या, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्रांत हे फार जाणवते, कारण तिथे चित्र रंगवणारा भागही याच मेमरीतून खातो. तिथे १६ जीबीची एक वेगवान स्टिक घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन साध्या स्टिक केव्हाही सरस. डीडीआर५ मध्ये मात्र हाच सल्ला डोळे झाकून देता येत नाही, कारण ८ जीबीच्या स्टिकवर सहसा चारच रुंद चिप असतात आणि त्यांच्यात बँकांचे, म्हणजे चिपमधल्या स्वतंत्र विभागांचे, गट निम्मे असतात.

मग गुणोत्तराचा प्रश्न. एएमडीच्या रायझनमध्ये भागांना जोडणारे इन्फिनिटी फॅब्रिक सुरुवातीपासून मेमरीच्या क्लॉकला बांधलेले होते. २०१९ च्या रायझन ३००० मध्ये साधारण ३६००-३७३३ पर्यंत दोन्ही एकास एक चालत. त्यावर गेले की गुणोत्तर मोडायचे आणि ४००० ची स्टिक ३६०० पेक्षा हळू प्रतिसाद द्यायची. रायझन ७००० मध्ये फॅब्रिक सुटे झाले, पण कंट्रोलर आणि मेमरी एकास एक राहण्याचा सोयीचा बिंदू एएमडीने ६००० सांगितला. इंटेलने २०२१ मध्ये अकराव्या पिढीपासून हीच गोष्ट गिअर १ आणि गिअर २ या नावांनी आणली. म्हणजे मोठा आकडा हळू ठरेल अशी स्थिती सर्रास येते. या पुस्तकाचा मोठा भाग या उंबरठ्यांवर खर्च झाला आहे, आणि मला ते योग्य वाटते.

या विषयात विचारांचे काही स्पष्ट पंथ आहेत. एक मानकवाद्यांचा: जेडेकचा वेग, चूक ओळखून दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी, आणि एकही बिट उलटता कामा नये हा आग्रह. २०२१ च्या सुरुवातीला लिनस टॉरवाल्ड्स यांनी घरगुती संगणकांत ईसीसी न दिल्याबद्दल इंटेलवर कडाडून टीका केली, ती याच भूमिकेतून. दुसरा पंथ प्रोफाइलवाल्यांचा. नीट स्टिक निवडा, प्रोफाइल चालू करा आणि कामाला लागा. तिसरा पंथ हाताने जुळवणाऱ्यांचा. त्यांना ब्रँडपेक्षा स्टिकच्या आतली चिप महत्त्वाची. डीडीआरच्या काळात विनबाँडची बीएच-५, डीडीआर४ मध्ये सॅमसंगची बी-डाय, डीडीआर५ मध्ये एसके हायनिक्सची ए-डाय, ही त्यांची दैवते. ते दुय्यम टायमिंग एकेक करून आवळतात, रिफ्रेशचे अंतर वाढवतात, व्होल्टेज मोजून देतात. त्यांच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. मेमरी आतून कशी वागते याचे पुष्कळसे जाहीर ज्ञान त्यांच्या चिकाटीतून आले. अलीकडे चौथा सूरही ऐकू येतो: २०२२ च्या रायझन ७ ५८००एक्स३डी मध्ये ९६ एमबी तिसऱ्या पातळीची कॅश आली, तेव्हा मेमरीच्या वेगाची चिंता कशाला? त्यात तथ्य आहे. डेटा कॅशमध्ये मावतो तोवर स्टिकचा वेग गौण असतो. पण व्हिडिओ, मोठे डेटाबेस, घरच्या यंत्रावर चालवलेली भाषिक प्रारूपे ही कामे कॅशमध्ये मावत नाहीत आणि प्रवाहाची रुंदी तिथे लगेच जाणवते.

माझ्या मते या सगळ्या पंथांच्या आधी एक अट येते: बिनचूकपणा. मेमरी जरा जास्त ताणली की यंत्र प्रत्येक वेळी बंद पडत नाही, निळा पडदा दाखवत नाही. कधी एखादा बिट गुपचूप उलटतो आणि तो चुकीचा बिट फाइलमध्ये लिहिला जातो. लग्नाच्या फोटोत रेघ उमटते, संकुचित फाइल महिन्यांनी उघडायला गेल्यावर उघडत नाही, हिशेबाच्या फाइलचा बॅकअपही तोच दोष घेऊन बसतो. डीडीआर५ चिपच्या आत स्वतःची त्रुटी-दुरुस्ती असते, पण ती चिपपुरती. स्टिकपासून कंट्रोलरपर्यंतच्या तारांवर जे बिघडते ते तिला दिसत नाही, त्यामुळे ती खऱ्या ईसीसीची जागा घेत नाही. म्हणूनच १९९४ पासून चालत आलेला, मेमरी तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम आणि त्याचे वंशज यांना या पुस्तकात मानाचे स्थान आहे.

आपल्याकडच्या वाचकासाठी यात एक जास्तीची बाब आहे. कपॅसिटरची गळती तापमानाबरोबर वाढते. मानकातही चिप ८५ अंशांच्या वर गेली की रिफ्रेश दुप्पट वेळा करावे लागते. हाताने आवळलेल्या स्टिक तर त्याच्या पुष्कळ आधी चुका करू लागतात. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात खोलीतच चाळीसच्या आसपास पारा असतो, आणि शेजारी ग्राफिक्स कार्ड गरम हवा सोडत असते. जानेवारीत रात्री पास झालेली चाचणी त्या दुपारी पास होईलच असे नाही. थंड देशांत लिहिलेल्या मार्गदर्शिकांमध्ये ही सूट धरलेली नसते. या पुस्तकात ती धरली आहे: जुळवणी उन्हाळ्यात तपासा, नाहीतर एक पायरी खाली थांबा.

व्होल्टेजबद्दलही तोच सावधपणा. २०२३ मध्ये काही रायझन ७००० प्रोसेसर जळाल्याच्या घटना पुढे आल्या. मेमरीचे प्रोफाइल चालू करताना बोर्ड आपणहून एसओसी व्होल्टेज किती चढवतात याकडे तेव्हा सगळ्यांचे लक्ष गेले, आणि एएमडीने नव्या बायोसमधून त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली. बायोस अद्ययावत ठेवणे या विषयात शोभेचे काम नाही.

हे पुस्तक आत्ता का, याचे उत्तर बाजारात आहे. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरीचे उत्पादन आपल्याकडे ओढून घेतले आणि किरकोळ स्टिकच्या किमती झपाट्याने चढल्या. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशियल या नावाने चालणारा ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. अशा काळात चुकीची खरेदी महागात पडते, आणि जी स्टिक हाताशी आहे तिच्यातून मिळेल तेवढे काढणे हा शहाणपणाचा मार्ग ठरतो. दुसऱ्या चॅनलचा स्लॉट, बंद राहिलेले प्रोफाइल, मोडलेले गुणोत्तर, यांतले काहीही दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. त्याच वेळी मोह टाळायचा तोही इथेच: दोन स्टिक होत्या, स्वस्तात आणखी दोन मिळाल्या म्हणून चारही स्लॉट भरणे. रायझन ७००० मध्ये दोन डीडीआर५ स्टिकसाठी अधिकृत वेग ५२०० आहे, चारांसाठी ३६००. क्षमता खरोखर हवी असेल तर हा सौदा जरूर करावा, पण डोळे उघडे ठेवून.

लेखकाने काही गोष्टी जाणूनबुजून बाहेर ठेवल्या आहेत. द्रवरूप नायट्रोजन ओतून केलेले विक्रम इथे नाहीत, कारण ती यंत्रे काही मिनिटांसाठी असतात. अमुक ब्रँड घ्या अशी यादीही नाही. एकाच नावाच्या आणि एकाच लेबलच्या स्टिकमध्ये काही महिन्यांनी वेगळी चिप निघते, तेव्हा अशी यादी छापून होईपर्यंत शिळी होते. त्याऐवजी लेबल, बोर्डाच्या संकेतस्थळावरची सुसंगत स्टिकची यादी आणि बायोसचे पडदे कसे वाचायचे हे शिकवले आहे. स्पष्टीकरणे मराठीत आहेत, पण बायोसमध्ये जे शब्द दिसतात ते तसेच ठेवले आहेत, कारण वाचकाला तेच शब्द पडद्यावर शोधायचे आहेत. कामाप्रमाणे सल्ला बदलतो हेही वाचकाच्या लक्षात येईल: कार्यालयीन कामाच्या यंत्राला जेडेकचा वेग आणि भरपूर क्षमता पुरते, खेळ खेळणाऱ्याला गुणोत्तराच्या उंबरठ्यावर थांबणे लाभाचे, आणि ज्याच्या यंत्रावर दुसऱ्यांचा डेटा आहे त्याने आधी ईसीसीचा विचार करावा.

पुस्तक हातात घेऊन यंत्राचे झाकण उघडण्यापूर्वी एवढी तयारी करून ठेवावी. महत्त्वाच्या फाइल्सची प्रत यंत्राबाहेर असू द्या. मेमटेस्ट८६ भरलेला पेन ड्राइव्ह जवळ ठेवा. बायोस मूळ स्थितीत आणणारा जम्पर किंवा बटण बोर्डाच्या पुस्तिकेत शोधून त्याची जागा लक्षात ठेवा. आणि डीडीआर५ ची स्टिक पहिल्यांदा बसवल्यावर पडदा काही मिनिटे काळा राहिला, तर लगेच वीज तोडू नका; त्या वेळात कंट्रोलर तारांवरचे संकेत जुळवत असतो आणि ते काम त्याला पुरे करू द्यायला हवे.